ट्रूसबाईंचा मठ

गावाचं नाव मी सांगणार नाही. नेदरलँड्समध्ये मास नदीच्या काठी आहे, आइंडहोव्हनजवळच्या बेस्ट गावाहून मोटारीने तासाभराच्या अंतरावर, एवढं पुरे. जास्त सांगितलं तर तुमच्यातलं कोणीतरी हौसेने तिथे जाईल, तो दोर ओढेल आणि नाव पुन्हा माझंच निघेल. एकदा निघालं तेवढं बास झालं.

आम्ही साताऱ्याची माणसं. मी माहेरची वाईची. आमचे हे वीज मंडळातून निवृत्त झालेत आणि अजूनही कुठलाही खटका दिसला की तो दाबून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आमची एकुलती एक सई आइंडहोव्हनला शिकायला गेली आणि तिथेच एका कंपनीत लागली. चिपा बनवणाऱ्या यंत्रांचं काहीतरी काम करते. नक्की काय ते मला विचारू नका. तिने मला पुष्कळदा समजावलंय आणि दर वेळी मी मान डोलावली आहे.

सप्टेंबरात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. ट्यूलिप बघायचा हा महिना नव्हे, हे मला सगळ्यांनी सांगितलं. पण मी ट्यूलिप बघायला जातच नव्हते. मागच्या हिवाळ्यात सईला ताप आला होता, ती दोन-तीन दिवस एकटी अंथरुणात पडून होती, आणि आम्हाला कळलं ते ती बरी झाल्यावर. ती काळजी घेऊन मी विमानात बसले.

बेस्ट

सईचा फ्लॅट बेस्टमध्ये तिसऱ्या मजल्यावर आहे. नीटनेटका, उजेडाचा, आणि शांत. इतका शांत की फ्रिज बंद पडला तर दचकायला होतं.

आल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी मी ठेच्यासाठी मिरच्या परतायला घेतल्या. सई ऑफिसात होती. तिच्या छताला एक पांढरी डबी चिकटवलेली आहे, ती धुराचा वास लागल्याबरोबर अशी काही केकाटायला लागली की माझ्या हातातला झारा पडला. हे सोफ्यावर चढले आणि टॉवेलने डबीला वारा घालायला लागले. मी धावत जाऊन दार उघडलं आणि जिन्यात हात जोडून उभी राहिले. म्हटलं, आता अख्खी इमारत गोळा होणार, माफी मागायची तयारी असावी. साताऱ्यात आमच्या कुकरची एक शिट्टी जास्त झाली तरी शेजारच्या कुलकर्णीबाई "काय हो, डोळा लागला का?" म्हणत खिडकीतून डोकावतात.

इथे समोरचं दार उघडलं नाही. वरचंही नाही. एक मुलगा खांद्यावर सायकल घेऊन जिना उतरत आला, मला हसून गुड मॉर्निंग म्हणाला आणि खाली निघून गेला. डबी केकाटतच होती.

संध्याकाळी सईला सांगितलं तर ती हसली. "आई, इथे कोणी कोणाच्या प्रायव्हसीत जात नाही. चांगलंच आहे ना ते?"

"चांगलंय की," मी म्हटलं. "आणि तुला ताप आला तर?"

"आई, प्लीज. परत नको."

मग तिने विषय बदलायला म्हणून लॅपटॉप उघडला आणि मठ दाखवला. तिचा फ्लॅटचा करार डिसेंबरात संपतो. त्या देशात घर मिळणं म्हणजे काय दिव्य आहे ते तिथे राहणाऱ्याला विचारा, मुलं लग्नाआधी घरासाठी नंबर लावतात. सई दीड वर्ष शोधत होती. आता एक जागा आली होती, आणि ती चक्क एका जुन्या मठात होती.

मध्ययुगात तिथे ऑगस्टिनियन पंथाचे साधू राहत. पुढे त्या मुलखात धर्माच्या मोठ्या उलथापालथी झाल्या, साधू गेले, त्यांचं भलंमोठं चर्च पाडलं गेलं आणि त्याच्या विटा गावोगाव गेल्या. ज्या इमारती कुणाच्या ना कुणाच्या उपयोगाच्या होत्या त्या तेवढ्या टिकल्या. वेस, धान्याचं कोठार, साधूंच्या झोपायच्या खोल्या, एक एवढंसं प्रार्थनाघर, आणि बिअर गाळायची इमारत. ती सगळ्यात धडधाकट.

"म्हणजे देवाचं गेलं आणि बिअरचं राहिलं," हे म्हणाले.

आता त्या इमारतींची घरं केली आहेत आणि त्यात आठेक कुटुंबं राहतात. त्यातलं एक घर रिकामं झालं होतं. पण तिथे घर नुसतं भाडं भरून मिळत नाही. राहणारी माणसं नव्या माणसाला भेटतात, कॉफी पाजतात, प्रश्न विचारतात, आणि सगळे हो म्हणाले तरच घर मिळतं. एकाने जरी मान हलवली तरी नाही म्हणजे नाही.

"म्हणजे आपण घर बघायला जायचं," मी म्हटलं.

"नाही ना आई. ते आपल्याला बघणार आहेत. मी लिहिलं होतं आईबाबा आलेत म्हणून, तर म्हणाले, त्यांनाही घेऊन ये."

मला इतकं हसू फुटलं की ते आवरेना. या मुलीने आयुष्यात एकदाही दाखवण्याचा कार्यक्रम होऊ दिला नव्हता. कराडचं एक चांगलं स्थळ आलं होतं तेव्हा ही सरळ हॉस्टेलवर निघून गेली होती. आणि आता आपल्या पायांनी चालत, आईवडिलांना बरोबर घेऊन, दाखवून घ्यायला निघाली होती. मी तिला म्हटलं, कांदेपोहे न्यायचे का? ती चिडली. मग मी करंज्या केल्या, ओल्या नारळाच्या, आणि तळताना दारंखिडक्या सगळ्या उघड्या ठेवल्या.

यांना मी दोन दिवस आधीपासून पढवत होते. कुठल्याही खटक्याला हात लावायचा नाही. कुणाला पगार विचारायचा नाही. वय विचारायचं नाही. काहीही ओढायचं, दाबायचं, फिरवायचं नाही. हे सगळं मी यांना सांगितलं, हे लक्षात असू द्या.

देन बॉस

शनिवारी सकाळी निघालो. वाटेत देन बॉस नावाचं देखणं शहर लागतं. तिथे एक मोठं चर्च आहे, त्याच्या छतावर दगडी माणसं घोड्यावर बसल्यासारखी बसली आहेत, आणि ते सगळं बघायला आम्हाला वेळ होता. पण सईने आम्हाला आधी मिठाईच्या दुकानात नेलं. तिथला एक गोड गोळा प्रसिद्ध आहे. कवठाएवढा, बाहेरून चॉकलेटचा जाड थर आणि आत नुसती साय फेटून भरलेली. तो सभ्यपणे खायची रीत अजून कुणाला सापडलेली नाही. शेजारच्या टेबलावर एक पोक्त गृहस्थ सूटबूट घालून बसले होते आणि त्यांच्या नाकाला साय लागली होती, त्यांना त्याचं काही नव्हतं.

यांनी इंजिनियरच्या डोक्याने विचार केला आणि गोळ्याला बाजूने काटा खुपसला. साय दुसऱ्या बाजूने निघाली ती थेट यांच्या पांढऱ्या शर्टावर. तीही अशी तशी नाही, पार बरगड्यांपर्यंत.

सई डोळे मिटून बसली. मी पदराने पुसायला गेले तर चॉकलेटही पसरलं. शेवटी यांनी कोट घातला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली. बाहेर ऊन पडलं होतं, तिथे सप्टेंबरात असं ऊन पडलं की लोक बागेत उघडे पडून राहतात. आमचे हे दिवसभर कोटात उकडत फिरले.

नदीपलीकडे

मास नदी ओलांडायला तिथे पूल नव्हता, तराफ्यासारखी सपाट बोट होती. मोटारी, सायकली, घोडा वाहून न्यायची एक गाडी, सगळं तिच्यावर चढतं आणि पाच मिनिटांत पलीकडे. नदी आमच्या कृष्णेसारखी घाटाला येऊन भेटत नाही, दोन्ही बाजूंनी उंच बांध घालून तिला वाटेला लावलेलं आहे. बांधावरून खाली पाहिलं की सगळा मुलूख ताटात वाढल्यासारखा दिसतो. माणसाहून उंच मका, मधूनच हिरवंगार कुरण, त्यात गाई, आणि एकही टेकडी नाही. साताऱ्याच्या माणसाला डोळे कुठे टेकवायचे तेच कळत नाही.

मठ बांधाच्या पायथ्याशी आहे. वेशीतून आत गेलं की मोठं अंगण, अंगणाच्या तिन्ही बाजूंना बैठ्या लाल इमारती. विटा पाहून मी थबकले. आपल्या दोन विटा एकत्र केल्या तर त्यांची एक होईल एवढ्या मोठ्या. सई म्हणाली, मठाच्या विटा म्हणूनच ओळखतात त्यांना. कुठे कुठे विटेवर बोटांचे ठसे आहेत, भाजण्याआधी ओली असताना कुणीतरी उचललेली. मी त्या ठशांत माझी बोटं घालून पाहिली. माझी मावली.

चर्च जिथे उभं होतं तिथे आता भाजीचे वाफे आहेत. जमिनीतल्या विटांची एक ओळ दाखवते की भिंत इथून इथे जात होती. वेदीच्या जागी कोबी लावलेत. एकेक कोबी दोन हातांत न मावणारा. बिअरच्या इमारतीच्या दाराशी निळ्या फुलांच्या कुंड्या होत्या आणि खिडकीला जाळीचे पांढरे पडदे.

आम्ही अर्धा तास आधी पोचलो होतो. मी म्हटलं, चला, जाऊन बसू. सई म्हणाली, अजिबात नाही, इथे आधी जाणं हे उशिरा जाण्याहून वाईट. दोनला म्हणजे दोनला. ती मोटारीत बसून लॅपटॉपवर आपली चित्रं पुन्हा बघायला लागली. हो, तिने चित्रं केली होती. मी कोण, मला काय आवडतं, मी मठाला काय देऊ शकते, असं सगळं रंगीत. हे कोटात घामाघूम होऊन झाडाखाली बसले. आणि मी म्हटलं, जरा पाय मोकळे करते.

दोर

प्रार्थनाघर कोपऱ्यात आहे, आपल्याकडच्या गावातल्या मारुतीच्या देवळाएवढं. दार उघडं होतं. आत गारवा, पांढऱ्या भिंती, चार बाकं, एका खिडकीला रंगीत काच. मूर्ती नाही, फोटो नाही. मी बाहेर चपला काढल्या आणि आत गेले. मनात सईच्या घराचंच होतं. दुसरं काय असणार?

आणि दाराच्या आतल्या बाजूला, हाताच्या उंचीवर, दोर लोंबत होता.

आता तुम्हीच सांगा. देवाच्या दारात घंटेचा दोर आहे आणि तुम्ही घरासाठी साकडं घालायला आला आहात. मी वाईत वाढले. घंटेला हात पोचत नव्हता तेव्हापासून वडील मला उचलून घंटेपर्यंत न्यायचे. आत येताना घंटा वाजवायची, म्हणजे देवाला कळतं कोणीतरी आलंय. यात विचार करायचा नसतोच, हात आपोआप वर जातो. माझा गेला.

दोर ओढायला जड होता. मी दोन्ही हातांनी ओढला आणि वर छतात कुठेतरी इतका गोड, खणखणीत आवाज झाला की अंगावर काटा आला. आम्ही दोनदा वाजवतो, म्हणून दोनदा वाजवली. ती माझ्या नावाने. मग यांच्या नावाने दोनदा. मग सईच्या नावाने दोनदा, जरा जोरात. हात जोडले, डोळे मिटले, आणि सगळं सांगून टाकलं. घर मिळू दे, शेजार चांगला असू दे.

डोळे उघडून बाहेर आले तर अंगणात माणसं.

कोठाराच्या दारातून एक उंच म्हातारे गृहस्थ आले होते, रबरी बूट, चेहरा पडलेला, आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली होती. एका घरातून एक बाई पीठ लागलेल्या हातांनी धावत आली. वेशीतून सायकली यायला लागल्या, एकीमागे एक, आणि आत आल्यावर सगळे उतरून सायकल हातात धरून चालत होते. बांधावर एक ट्रॅक्टर थांबला, त्यावरचा माणूस खाली उतरला. कोणी बोलत नव्हतं. मला वाटलं, काय पद्धत आहे! कार्यक्रम दोनचा, आणि पाहुण्यांच्या स्वागताला अख्खं गाव! मी हसून सगळ्यांना नमस्कार केला.

सई पळत आली. तिच्या तोंडाचा रंग उडाला होता.

"आई, तू वाजवलीस?"

"हो. का गं?"

"आई, ती घंटा कोणी मेलं तरच वाजवतात!"

मग तिने तिथल्या माणसांकडून ऐकून मला घाईघाईने सांगितलं. या गावात कोणी वारलं की घंटा सांभाळणाऱ्याने, तो नसेल तर शेजाऱ्याने येऊन ही घंटा वाजवायची आणि ऐकेल त्याने हातातलं काम टाकून यायचं, ही रीत साधूंच्या मागेही चालत आलेली आहे. गडी माणूस गेला तर तीन-तीन ठोके, बाई गेली तर दोन-दोन.

मी तीनदा दोन-दोन दिले होते.

आणि मठातली सगळ्यात म्हातारी बाई म्हणजे बिअरच्या इमारतीतल्या ट्रूसबाई. नव्वदीच्या पुढच्या. त्या सकाळपासून कुणाला दिसल्या नव्हत्या. ते रबरी बुटांचे गृहस्थ, यान त्यांचं नाव, घंटेची जबाबदारी त्यांचीच, टोपी हातात धरून ट्रूसबाईंच्या दाराशी गेले. मागोमाग सगळे. मागोमाग मीही, कारण उभी राहून तरी काय करणार होते? यान यांनी दार हळूच ठोठावलं.

दार उघडलं. डोक्याला रंगीबेरंगी रोलर लावलेल्या, ओठांना अर्धवट लाली लावलेल्या एक एवढ्याशा बाई चाकांच्या वॉकरचा आधार घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळ्या गावाकडे पाहिलं.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

यान यांनी टोपी तशीच धरली होती. "तू," ते म्हणाले.

"मी?" ट्रूसबाईंनी स्वतःच्या अंगाकडे पाहिलं. "आणि मला कुणी सांगितलं नाही?"

आधी ती पिठाच्या हातांची बाई फुटली. मग ट्रॅक्टरवाला. मग सगळं अंगण. लोक सायकलींना धरून हसत होते, एकमेकांच्या खांद्यावर डोकी टेकत होते. सई मला शब्दन् शब्द सांगत होती आणि सांगताना तिलाच ठसका लागत होता. ट्रूसबाईंनी हात वर केला तेव्हा कुठे सगळे गप्प झाले.

"कुणी मारलं मला?"

मी शाळेत धरतात तसा हात वर केला.

त्यांनी मला नीट न्याहाळलं, पायांपासून वरपर्यंत. तेव्हा मला कळलं की मी अजून अनवाणीच होते. मग त्यांनी गर्दीवर नजर फिरवली, कोण कोण आलंय ते एकेक तोंड बघून घेतलं, आणि म्हणाल्या, "बरेच आले. फुलवाली आली नाही. लक्षात ठेवते."

व्लाय आणि करंज्या

कार्यक्रम कोठारात होता. आठ घरांच्या माणसांसाठी लांब टेबल मांडलं होतं, त्यावर व्लाय, म्हणजे पोळीसारख्या गोल परातीत भाजलेला जर्दाळूंचा गोड पदार्थ. पण आता अर्धं गावच आत आलं होतं, आलोच आहोत तर कॉफी घेऊन जाऊ म्हणून. मी माझा करंज्यांचा डबा उघडला. त्या बघता बघता संपल्या. ट्रॅक्टरवाल्याने तर एक खिशात घातली, बायकोसाठी.

ट्रूसबाईंच्या मुलाला कुणीतरी घाईत फोन केला होता. तो तासाभराच्या अंतरावर झूटरमेरला राहतो आणि घंटा खोटी होती हे कळवायला कुणीतरी पुन्हा फोन हातात घेतला तोवर तो निम्म्या वाटेवर असणार. "येऊ दे," ट्रूसबाई म्हणाल्या. "मे महिन्यापासून आला नाहीये. त्याला सांगू नका."

हसणं चाललं होतं, पण मी यान यांच्याकडे बघत होते. सगळ्यांत फक्त ते हसत नव्हते. टेबलाच्या टोकाला बसले होते, टोपी समोर ठेवून. सईने लॅपटॉप उघडला, तर त्यांनी तिला हाताने थांबवलं. ते राहू दे. एकच प्रश्न आहे, आणि तो तिच्या आईला आहे.

"घंटा का वाजवलीस?"

सईने मला सांगितलं. मी म्हटलं, "आमच्याकडे देवळात गेलं की वाजवतात. आपण आलोय हे देवाला कळावं म्हणून."

"मग? देव आला?"

"तुम्ही आलात की," मी म्हटलं.

लोक पुन्हा हसले. यान नाही. ते हळूहळू बोलले, सई त्यांच्या मागून सांगत गेली. त्या घंटेचा दोर त्यांच्या वडिलांनी त्यांच्या हातात दिला. लहानपणी त्यांनी पुष्कळ खोड्या केल्या, पण त्या दोराला कुणी कधी गमतीने हात लावला नाही. एकदा ती खोटी वाजली की पुढच्या वेळी एखादा म्हणेल, जाऊ दे, असेल कोणी पाहुणी. आणि मग तो येणार नाही.

त्यांचं म्हणणं मला इतकं पटलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घर गेलं हे मला तेव्हाच कळलं. आता जायचंच आहे तर खरं काय ते सांगूनच जाऊ, असं म्हणून मी उभी राहिले.

"या सगळ्यांना सांग सई," मी म्हटलं. "तुझ्या बेस्टच्या घरात तो धुराचा भोंगा वाजत होता आणि जिन्यातलं एक दार उघडलं नाही. त्यांचा दोष नाही, त्यांची रीत तशी. तू तापाने पडून होतीस तेव्हाही कुणाला कळलं नाही. इथे मी चुकून वाजवली तर ती बाई पिठाचे हात घेऊन धावत आली. मला माझी मुलगी अशा ठिकाणी ठेवायची आहे जिथे माणसं धावत येतात. मी चुकले, पण मला जे बघायचं होतं ते मी बघितलं."

सईने लॅपटॉप मिटून बाजूला सारला, पण माझं बोलणं पुढे सांगितलं नाही. तापाचं इतक्या लोकांत सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं. मग आमचे हे उठले. यांचं इंग्रजी वीज मंडळाच्या नोटिसांपुरतं. त्यांनी कोटाची बटणं चाचपली आणि म्हणाले, "माय डॉटर, फीव्हर. अलोन. नोबडी कमिंग. हिअर, बेल, ऑल कमिंग. माय वाइफ, व्हेरी सॉरी. अँड व्हेरी हॅपी."

बोलण्याच्या भरात कोटाचं वरचं बटण निघालं आणि सायीचा तो सगळा नकाशा बाहेर आला. ट्रूसबाईंनी त्याच्याकडे बोट दाखवलं आणि ओरडल्या, "बॉसचा गोळा! यालाही खाता आला नाही!"

इतकं झाल्यावर यान यांच्या मिशीचं एक टोक हललं. पण ते एवढंच म्हणाले की आमचं आम्ही ठरवू आणि कळवू.

निघताना वेशीत एक मोटार करकचून थांबली आणि पन्नाशीचा एक माणूस काळा कोट घालून रडवेल्या तोंडाने बाहेर पडला. ट्रूसबाई रोलर काढून, केस नीट करून, खुर्ची घेऊन दारातच बसल्या होत्या. त्याने आईला पाहिलं आणि तो जागच्या जागी अंगणात बसला. "बस बस," त्या म्हणाल्या, "व्लाय उरलंय."

सईने मोटार बोटीवर चढवली. नदीच्या मध्यावर आल्यावर तिने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मला वाटलं रडते आहे. तिचे खांदे हलत होते. "तू," ती म्हणाली, "'तू' म्हणाले ते, आई, टोपी काढून!" आणि ती अशी हसायला लागली की पलीकडे पोचल्यावर मागच्या मोटारींना भोंगे वाजवावे लागले.

परत

यान यांचा फोन आठवड्याने आला. सगळे हो म्हणाले होते. ट्रूसबाईंनी म्हणे पहिल्यांदा हात वर केला आणि सांगितलं की जिने मला माझी मयत दाखवली तिची मुलगी दुसरीकडे कुठे जायची नाही. यान सगळ्यांत शेवटी हो म्हणाले आणि त्यांनी एक अट घातली. ज्या घरात सई जाणार त्या घराकडे आता घंटा वाजवण्याचं काम येईल, कारण त्यांचा खांदा दुखतो. ते तिला शिकवतील. आणि आई राहायला येईल तेव्हा दोर वर खुंटीला बांधून ठेवायचा.

परतीच्या आधी आम्ही दोघं एकदा तिथे जाऊन आलो. दोर खरोखरच वर बांधलेला होता. माझा हात पोचला नाही. वडील असते तर त्यांनी उचललं असतं.

सई डिसेंबरात तिथे गेली. जानेवारीत एका रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला तो अंथरुणातून. नाक लाल, गळ्याला मफलर. ती म्हणाली, आई, थांब, आधी ऐक. सकाळी नऊ वाजले तरी तिने खिडकीचा पडदा उघडला नव्हता. साडेनऊला दार वाजलं. यान बाहेर उभे होते, हातात मटाराच्या सूपचं पातेलं, आणि त्यांच्यामागे बर्फातून चाकं ढकलत ट्रूसबाई.

"त्या काय म्हणाल्या माहितीये?" सई म्हणाली. "म्हणाल्या, तुझी आई काही रोज इथे घंटा वाजवायला नाही, म्हणून आम्हालाच पडद्याकडे बघावं लागतं."

मागून कुणाचा तरी आवाज आला आणि फोनवर ट्रूसबाईंचं एवढंसं तोंड आलं, डोक्याला रोलर लावलेलं. त्यांनी मला बोटाने दटावलं.

फोन ठेवून मी देवापुढे दिवा लावला, हात जोडले. घंटा उचलली आणि तशीच परत ठेवली. म्हटलं, उगाच कशाला? तिकडे सगळे कामात असतील.